सर्व्हिस उठली, पण कॅश भरली का? काफ्कावरच्या सिस्टिममधले सुरुवातीचे बग शोधायचे कसे आणि मिटवायचे कसे

डिप्लॉय झाल्यावर पहिल्या काही मिनिटांत शे-दोनशे मेसेज चुकीच्या वाटेला जातात, आणि कोणी लॉग उघडेपर्यंत सगळं सुरळीत झालेलं असतं. मग टीममधला एखादा म्हणतोच, "काहून टेन्शन घेता भाऊ, आता तर बरोबर चालू आहे ना!" हा बग आपोआप बरा होतो, म्हणूनच तो वर्षानुवर्षं टिकतो. पुढच्या रीस्टार्टला तो परत येतो आणि परत कोणाला सापडत नाही.

बोलायला सोपं जावं म्हणून नागपुरातलं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, कळमन्याच्या मार्केट यार्डातल्या वजनकाट्यांवरून प्रत्येक गाडीची नोंद काफ्काच्या (मेसेज साठवून सर्व्हिसपर्यंत पोचवणारी यंत्रणा) 'काटा-नोंदी' या टॉपिकवर, म्हणजे नाव दिलेल्या मेसेजच्या वहीवर, येते: गाडी नंबर, माल, वजन, अडत्याचा कोड. दुसरा टॉपिक 'अडते'. त्यात कोडाला धरून अडत्याचं नाव आणि परवाना चालू आहे की बंद, एवढं असतं. आपली सर्व्हिस अडत्यांची यादी मेमरीत धरून ठेवते (हीच कॅश), आणि नोंद आली की कोड जुळवून पावती काढते. कोड सापडला नाही तर नोंद 'अनोळखी' म्हणून बाजूच्या टॉपिकवर टाकते. मृग बहाराच्या संत्र्याचा हंगाम आहे, फेब्रुवारी-मार्चची पहाट आहे, गाड्यांची रांग लागली आहे, आणि नेमकी त्याच वेळी सर्व्हिस रीस्टार्ट झाली.

या सगळ्या बगांचं मूळ एकच. 'सर्व्हिस सुरू झाली' आणि 'कॅश भरली' या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि कोडमध्ये कुठेतरी त्या एकच धरलेल्या असतात. ते कुठे धरलं आहे हे शोधायचं, आणि दोघींच्या मध्ये एक मोजता येणारी अट घालायची. 'सुरुवातीला तीस सेकंद झोप' असला उपाय मुळीच करू नका. आज तीस सेकंद पुरतात, सहा महिन्यांनी टॉपिक वाढला की पुरत नाहीत, आणि तोवर तो आकडा कोणी आणि का टाकला हे सांगायला कोणी उरलेलं नसतं.

आधी खात्री: बग सुरुवातीचाच आहे का?

'अनोळखी' नोंदींच्या वेळा काढा आणि प्रत्येक वेळेतून त्या त्या इन्स्टन्सच्या (सर्व्हिसच्या चालू प्रतीच्या) सुरू होण्याची वेळ वजा करा. घड्याळाची वेळ बघून काही कळत नाही, सुरू झाल्यापासून किती वेळाने चूक झाली हे बघितलं की चित्र लगेच उघडतं. चुका पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत साचलेल्या असतील तर कॅश भरण्याआधी काम सुरू झालंय. एकाच इन्स्टन्सवर चुका कायम चालू असतील तर ती कॅश अर्धीच भरली आहे. आणि ठरावीक कोडच सगळ्या इन्स्टन्सवर सापडत नसतील, तर कोडला हात लावण्याआधी टॉपिकच्या सेटिंगकडे जा.

अजून एक लक्षण चकवतं. कॅश भरून झाली तरी काही कोड पुढचा तासभर 'सापडला नाही' असेच येत राहतात. भरण्याच्या काळात कोणीतरी विचारलं, उत्तर 'नाही' आलं, आणि ते 'नाही' सुद्धा कॅशमध्ये मुदतीसकट जाऊन बसलं. नकारार्थी उत्तर साठवायचंच असेल तर कॅश पूर्ण भरल्यानंतरच साठवा, आणि त्याची मुदत अगदी थोडी ठेवा.

दुरुस्तीच्या आधी लॉग

लोक सरळ कोड बदलायला घेतात. त्याआधी भरण्याच्या शेवटी प्रत्येक पार्टिशनमागे (टॉपिकचा एक तुकडा) एक ओळ छापा. त्यातले आकडे म्हणजे ऑफसेट, पार्टिशनमधले नोंदींचे क्रमांक: 'सुरुवात' हा शिल्लक असलेला पहिला, 'लक्ष्य' हा शेवटच्या पुढचा (एंड ऑफसेट), आणि 'पोझिशन' हा वाचणारा, म्हणजे कन्झ्युमर, पुढे वाचणार तो:

अडते-कॅश: पार्टिशन ०, सुरुवात ०, लक्ष्य १८४२, पोझिशन १८४२, वेगळे कोड ३०१
अडते-कॅश: पार्टिशन १, सुरुवात ०, लक्ष्य १७०५, पोझिशन १७०५, वेगळे कोड २८८
अडते-कॅश: पार्टिशन २, सुरुवात ४१०, लक्ष्य ४१०, पोझिशन ४१०, वेगळे कोड ०

तिसरी ओळ नीट बघा. पोझिशन लक्ष्याला पोचली आहे, म्हणजे आपला कोड म्हणणार 'तयार'. पण सुरुवात आणि शेवट दोन्ही ४१०! या पार्टिशनमध्ये चारशे दहा नोंदी येऊन गेल्या आणि आज एकही शिल्लक नाही. इथे आपला कोड निर्दोष आहे, टॉपिक पुसला गेलाय. त्याचं कारण पुढे येईलच, पण ही ओळ छापलेली नसती तर लोक थ्रेड आणि लॉक तपासत बसले असते.

शेवट आला हे कसं ओळखायचं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून बघू.

पहिली चूक: 'पोल रिकामा आला म्हणजे टॉपिक संपला.' पोल म्हणजे ब्रोकरकडे (काफ्काच्या सर्व्हरकडे) नवे मेसेज मागण्याची एक फेरी. ती रिकामी आली म्हणून टॉपिक संपला, असं नसतं. पहिला पोल मेटाडेटा येण्यात किंवा जोडणी होण्यातच संपू शकतो. नेटवर्क किंचित सुस्त असलं तरी मधला एखादा पोल रिकामा येतो. लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही, कारण तिथे ब्रोकर शेजारीच बसलेला असतो.

दुसरी चूक: शेवटचा मेसेज ओळखायचा आणि त्याचा ऑफसेट 'एंड ऑफसेट वजा एक' आहे का बघायचं. साध्या प्रोड्युसरवर (मेसेज लिहिणारा) हे चालतं. प्रोड्युसर ट्रान्झॅक्शन (अनेक मेसेज एकत्रच पक्के किंवा रद्द करणं) वापरत असेल तर कमिटची खूण टॉपिकमध्ये स्वतःचा एक ऑफसेट खाते, आणि ती खूण कन्झ्युमरच्या हातात मेसेज म्हणून कधीच येत नाही. म्हणजे एंड ऑफसेट १८४२ असताना तुम्हाला मिळालेला शेवटचा मेसेज १८४० चा असू शकतो, आणि तुमचा लूप १८४१ ची वाट बघत बसतो. शिवाय टॉपिक पूर्ण रिकामा असेल तर शेवटचा मेसेजच नाही. नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सर्व्हिस उठतच नाही, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

बरोबर पद्धत अशी:

१. सुरुवातीला सगळ्या पार्टिशनचे एंड ऑफसेट एकदाच विचारा आणि तेच लक्ष्य धरा. प्रत्येक फेरीत नव्याने विचारलं तर चालत्या टॉपिकवर तुम्ही शेवटाच्या मागे पळतच राहाल.

२. पोल करत राहा, आणि प्रत्येक पोलनंतर कन्झ्युमरची पोझिशन लक्ष्याशी ताडून बघा. पोझिशन ट्रान्झॅक्शनच्या खुणा आणि कॉम्पॅक्शनमुळे (एकाच कीच्या जुन्या नोंदी पुसून शेवटची ठेवणं) पडलेली भोकं ओलांडून पुढे जाते, मेसेज आला नाही तरी. रिकाम्या पार्टिशनवर ती आधीपासूनच लक्ष्याइतकी असते.

३. सगळ्या पार्टिशनची पोझिशन लक्ष्याइतकी किंवा पुढे गेली की भरणं पूर्ण.

४. ठरवलेल्या कमाल वेळेत हे झालं नाही तर सर्व्हिस मोठ्याने पडू द्या. अर्ध्या कॅशवर पुढे जायचं नाही.

यातला एक बारकावा: एंड ऑफसेट त्याच कन्झ्युमरला विचारा. 'रीड कमिटेड' (फक्त पक्के झालेले मेसेज वाचण्याची सेटिंग) लावलेला कन्झ्युमर अर्धवट राहिलेल्या ट्रान्झॅक्शनच्या पुढे जात नाही, आणि त्याला विचारलेला एंड ऑफसेटही तिथपर्यंतचाच मिळतो. अॅडमिन क्लायंटला डीफॉल्ट सेटिंगवर विचाराल तर त्याच्याही पुढचा आकडा मिळेल, आणि ते ट्रान्झॅक्शन मिटेपर्यंत तुमचं भरणं अडून राहील.

स्कीमा रजिस्ट्री (मेसेजचे साचे साठवणारी सर्व्हिस) या कामासाठी वेगळी युक्ती वापरते. ती आपल्या टॉपिकवर स्वतःच एक रिकामा मेसेज लिहिते आणि तो वाचून परत येईपर्यंत थांबते. तुमच्या सर्व्हिसला त्या टॉपिकवर लिहिण्याची परवानगी असेल तर हेही चालेल, पण फक्त वाचणाऱ्या सर्व्हिसला ती परवानगी देणं मला पटत नाही.

ग्रुप आयडीचा घोळ

मेमरीतली कॅश भरणाऱ्या कन्झ्युमरला ग्रुप आयडी (काम वाटून घेणाऱ्या कन्झ्युमरच्या गटाचं नाव) देऊन 'सबस्क्राइब' केलं की दोन गोष्टी बिघडतात.

एक, समजा तीन इन्स्टन्स आहेत. तिन्हींचा ग्रुप एकच असेल तर काफ्का पार्टिशन वाटून देतो. प्रत्येक इन्स्टन्सला अडत्यांची एक तृतीयांश यादी मिळते. काटा-नोंदी गाडी नंबरावरून वाटल्या जात असतील तर कोणती नोंद कोणत्या इन्स्टन्सकडे जाईल याचा अडत्याच्या कोडाशी काही संबंध उरत नाही. साधारण तीनातली एकच पावती निघते, बाकी 'अनोळखी'. टेस्टिंगला एकच इन्स्टन्स चालवली तर मात्र सगळं ओके.

दुसरं, ग्रुपने ऑफसेट कमिट केलेला असतो, म्हणजे कुठवर वाचलं ते काफ्कात नोंदवलेलं असतं. रीस्टार्टला मेमरी कोरी होते, पण कन्झ्युमर काल जिथे थांबला तिथूनच पुढे वाचतो. यावर लोक 'ऑटो ऑफसेट रीसेट' अर्लिएस्ट (अगदी सुरुवातीपासून) करतात आणि बुचकळ्यात पडतात की काहीच कसा फरक पडत नाही. ती सेटिंग फक्त कमिट केलेला ऑफसेट नसेल किंवा तो टॉपिकच्या हद्दीबाहेर गेला असेल तरच लागू होते. मग कोणीतरी दर रीस्टार्टला नवा ग्रुप आयडी बनवायला लागतं. काम होतं, पण ब्रोकरवर मेलेल्या ग्रुपांचा ढिगारा साचतो. सरळ उपाय: 'असाइन' वापरून सगळे पार्टिशन हाताने घ्या, 'सीक टू बिगिनिंग' करा, ऑटो कमिट बंद ठेवा. इथे ग्रुपची गरजच नाही.

फक्त हाताने घेतलेल्या पार्टिशनच्या यादीत पुढे वाढवलेले पार्टिशन आपोआप येत नाहीत. ठरावीक वेळाने यादी तपासा आणि वाढ दिसली की इन्स्टन्स नव्याने भरा.

काफ्का स्ट्रीम्स (टॉपिकवर प्रक्रिया करायची जावा लायब्ररी) वापरत असाल तर या प्रकारासाठी ग्लोबल केटेबल (टॉपिकवरून भरला जाणारा तक्ता) घ्या. ती प्रत्येक इन्स्टन्सवर पूर्ण भरते आणि भरेपर्यंत प्रक्रिया सुरू करत नाही. साधी केटेबल चालवायची तर दोन्ही टॉपिकची की आणि पार्टिशनसंख्या जुळली पाहिजे, आणि तिथे ही 'आधी पूर्ण भरेन' अशी हमीही नाही.

दार कोण अडवणार

कॅश भरली हे ओळखता आलं, आता तोवर काटा-नोंदी अडवून धरायच्या. इथे कुबरनेटिसवाले (कंटेनरमधल्या सर्व्हिस चालवणारी यंत्रणा वापरणारे) म्हणतात, रेडीनेस प्रोब ('तयार आहेस का' ही तपासणी) लावला की झालं. नाही होत. रेडीनेस प्रोब फक्त बाहेरून येणाऱ्या विनंत्या थांबवतो. काफ्काचा कन्झ्युमर मेसेज स्वतः ओढतो, त्याला पॉड (कुबरनेटिसवर चालणारी इन्स्टन्स) 'तयार' आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही. एचटीटीपीची बाजू साफ दिसते आणि मेसेजची बाजू बिनबोभाट गळत राहते.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे कॅश भरेपर्यंत काटा-नोंदींचा कन्झ्युमर सुरूच करू नका. स्प्रिंग बूटमध्ये (जावातली सर्व्हिस लिहायची चौकट) हे मुद्दाम करावं लागतं. तिथे लिसनर कंटेनर (कन्झ्युमर चालवणारे भाग) अॅप्लिकेशन कॉन्टेक्स्टबरोबरच सुरू होतात, आणि कमांडलाइन रनर किंवा 'अॅप्लिकेशन रेडी' इव्हेंट त्यांच्यानंतर येतो. म्हणजे कॅश त्या इव्हेंटमध्ये भरणारा कोड दिसायला नीटनेटका असला तरी घोडं पळाल्यावर तबेल्याला कुलूप लावतो. लिसनरचं 'ऑटो स्टार्टअप' बंद करा, कॅश भरा, मग लिसनर रजिस्ट्रीतून तो कंटेनर हाताने सुरू करा.

कन्झ्युमर आधीच चालू असेल आणि मेसेज आल्यावर तुम्ही लॅचवर (कॅश भरेपर्यंत थ्रेड अडवणारी कडी) थांबत असाल, तर 'मॅक्स पोल इंटरव्हल' आठवा. डीफॉल्ट ५ मिनिटं. दोन पोलमध्ये त्याहून जास्त वेळ गेला की कन्झ्युमर ग्रुपबाहेर पडतो, रीबॅलन्स (पार्टिशनची फेरवाटणी) होतो, त्याचे पार्टिशन शेजारच्या इन्स्टन्सकडे जातात. तीही नुकतीच उठलेली असेल तर तिचंही तेच. थांबायचंच असेल तर पार्टिशन 'पॉज' करून पोल चालू ठेवा आणि कॅश भरली की 'रिझ्यूम' करा. मधे रीबॅलन्स होऊन नवे पार्टिशन आले तर तेही पॉज करायचे, हे विसरलं जातं.

लाइव्हनेस प्रोब ('जिवंत आहेस का' ही तपासणी) कॅशला बांधू नका. भरायला वेळ लागला की कुबरनेटिस पॉड मारेल, नवा पॉड पहिल्यापासून भरायला घेईल, आणि हे चक्र थांबणार नाही. सुरुवातीच्या वेळेसाठी स्टार्टअप प्रोब वेगळा आहे, तो वापरा.

काफ्का स्वतः हाच नियम पाळतो. ग्रुपचे ऑफसेट एका अंतर्गत टॉपिकमध्ये असतात. त्यातल्या एखाद्या पार्टिशनची जबाबदारी नव्या ब्रोकरकडे आली की तो आधी ते पार्टिशन मेमरीत वाचतो, आणि तोवर विचारणाऱ्याला 'अजून लोड होतंय' अशी चूक परत देतो. अर्धवट माहितीवर उत्तर देत नाही.

थ्रेडमधली गडबड

भरत असलेला मॅप (मेमरीतली कोडावरून अडता शोधायची यादी) लोकांना वाचू देऊ नका. कॉम्पॅक्ट केलेल्या टॉपिकमध्येही एकाच कोडाच्या जुन्या-नव्या नोंदी एकत्र असतात, कारण चालू सेगमेंटला (सध्या लिहिली जाणारी फाइल) कॉम्पॅक्शन हात लावत नाही. त्यामुळे अर्धी भरलेली कॅश नुसती अपुरी नसते, ती खोटंही बोलते: मागच्या वर्षी बंद झालेला परवाना दोन सेकंद 'चालू' दिसतो. नवा मॅप बाजूला पूर्ण भरा आणि मग व्होलाटाइल किंवा अॅटॉमिक रेफरन्सने एका फटक्यात बदला. त्यानंतर येणारे बदल त्यावर चढवत राहा.

आणि तुमच्या कोडमध्ये हे लगेच शोधा: लॅच मोकळा करणारी ओळ 'फायनली' ब्लॉकमध्ये आहे का? एखादा बिघडलेला मेसेज डीसीरियलायझरमध्ये (मेसेजचे बाइट उलगडणारा कोड) फुटतो, भरणारा थ्रेड मरतो, पण फायनली चालतं आणि जगाला 'कॅश तयार' असं सांगून टाकतं. लॅच फक्त यशानंतर मोकळा करा. अपयश आलं तर तेच अपवादासकट वाट बघणाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे. जावात त्यासाठी कम्प्लीटेबल फ्यूचर लॅचपेक्षा बरं पडतं.

यादी डेटाबेसमधून येत असेल तर

आधी डेटाबेस वाचला आणि मग बदलांचा टॉपिक शेवटापासून ऐकायला लागलो, तर मधल्या वेळेतला बदल कायमचा हुकतो. क्रम उलटा ठेवा: टॉपिकचे एंड ऑफसेट आधी टिपून ठेवा, मग डेटाबेसचा स्नॅपशॉट, मग टिपलेल्या ऑफसेटपासून बदल लावा. काही बदल दोनदा लागतील. त्यासाठी प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक ठेवा आणि जुनी आवृत्ती नव्यावर चढू देऊ नका.

टॉपिकची सेटिंग

आता ती ४१० वाली ओळ. टॉपिकची 'क्लीनअप पॉलिसी' डीफॉल्टने 'डिलीट' असते आणि मुदत १६८ तास, म्हणजे ७ दिवस. ब्रोकरवर टॉपिक आपोआप तयार होण्याची सोय डीफॉल्टने चालू असते, त्यामुळे 'अडते' टॉपिक कोणीही मुद्दाम न बनवता जन्माला येऊ शकतो, आणि मग त्याला हीच पॉलिसी मिळते. अडत्यांची माहिती रोज थोडीच बदलते? ज्या पार्टिशनमध्ये आठवडाभर काही आलं नाही, त्यातल्या नोंदी पुसल्या जातात. चालू इन्स्टन्सच्या मेमरीत त्या अजून असतात, म्हणून कोणाला कळत नाही. पुढच्या रीस्टार्टला कळतं. पॉलिसी 'कॉम्पॅक्ट' करा, आणि सर्व्हिस उठतानाच ती तपासून चुकीची असेल तर सुरू व्हायला नकार द्या. पॉलिसी बदलून पुसलेलं परत येत नाही, मूळ यादी पुन्हा पाठवावी लागते.

कॅशची प्रत डिस्कवर ठेवून तिथून पुढे वाचत असाल तर टूम्बस्टोनचीही काळजी घ्या. कोड रद्द केला की रिकाम्या व्हॅल्यूचा मेसेज जातो, आणि कॉम्पॅक्शननंतर तो डीफॉल्टने २४ तासच टिकण्याची हमी असते. इन्स्टन्स चार दिवस बंद राहिली तर रद्द झाल्याची खबर तिला मिळणारच नाही आणि रद्द अडत्याच्या पावत्या निघत राहतील. डिस्कवरची प्रत त्या मुदतीपेक्षा जुनी असेल तर फेकून द्या आणि पहिल्यापासून भरा.

तपासणी

टेस्टकंटेनर्सने (टेस्टपुरते खरे सर्व्हर उभी करणारी लायब्ररी) खरा काफ्का उभा करा, मॉकवर यातलं काहीच दिसणार नाही. निदान एवढे प्रसंग घ्या: रिकामा टॉपिक, एकच पार्टिशन रिकामं, ट्रान्झॅक्शनवाला प्रोड्युसर, मध्येच एक बिघडलेला मेसेज, एकाच वेळी उठणाऱ्या तीन इन्स्टन्स. आणि भरणाऱ्या थ्रेडमध्ये टेस्टपुरता मुद्दाम उशीर घाला, पाच मिनिटांहून जास्त. त्या काळात काटा-नोंदी टाकत राहा. एकही 'अनोळखी' निघता कामा नये, आणि कॅश भरल्यावर सगळ्या पावत्या निघाल्या पाहिजेत.

झालेलं नुकसान

कोड सुधारला तरी आधी बाजूला पडलेल्या नोंदी आपोआप पावत्या होत नाहीत. त्या वेगळ्या टॉपिकवर असतील तर तिथूनच नव्या कॅशवर पुन्हा चालवा, हाच स्वस्त मार्ग. त्या कुठेच ठेवल्या नसतील तर कन्झ्युमर ग्रुप मागे न्यावा लागेल. ग्रुपच्या सगळ्या इन्स्टन्स बंद करा आणि काफ्काच्या कन्झ्युमर-ग्रुप्स कमांडने ऑफसेट वेळेनुसार रीसेट करा. 'एक्झिक्यूट' न लावता आधी चालवा, म्हणजे नुसतं काय होणार ते दिसतं. वेळ लिहिताना +०५:३० स्पष्ट टाका, नाहीतर पहाटे चारच्या ऐवजी साडेनऊपासून वाचायला सुरुवात होईल आणि नेमक्या हुकलेल्या गाड्या परत हुकतील. मागे नेलं की आधी बरोबर निघालेल्या पावत्याही दुसऱ्यांदा निघू पाहतील, म्हणून गाडी नंबर आणि काट्याचा नोंद क्रमांक यांची जोडी डेटाबेसमध्ये युनिक ठेवा, आणि ते बंधन ऑफसेट हलवायच्या आधी लागलेलं आहे ना हे बघा.